निवळ आभाळ

आत जाण्याआधी लोखंड बाहेर ठेवायचं.
किल्ल्या, घड्याळ, पदराची पिन,
केसांतले आकडे,
आणि ज्यांच्याबद्दल गेटवरचे मोकलकाका कधी विचारत नाहीत
ते पाठीवरचे दोन हूक.
सगळं ॲल्युमिनियमच्या डब्यात.
मग मी, केस मोकळे, जराशी सैल,
दगडी खोलीत शिरते.
इथे खिळेसुद्धा तांब्याचे.
मुंबईत ट्राम विजेवर धावणार असं ठरलं
तेव्हा सुया घाबरून अलिबागला पळाल्या,
असं हळबेकर सर शिकवताना सांगायचे.
घाबरटच नीट मोजतात, म्हणायचे.

अक्षय तृतीयेची रात्र.
दुपारच्या आमरसाची सुस्ती अजून अंगात,
चंद्राची कोर कधीच बुडालेली.
दहा पस्तीसला पडद्यावरची रेघ उडाली,
मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी, वर,
आणि मग खाली,
खाली,
जिन्याला शेवटची पायरीच नसावी अशी.

अंगणात येऊन पाहिलं.
झावळी हलत नव्हती.
समुद्र किल्ल्याच्या पायाशी चुळबुळत होता, नेहमीएवढाच.
असलं वादळ
की दोरीवरच्या साडीलाही पत्ता नाही.

आपल्या डोक्यावर आणखी एक पाणी आहे,
शंभरेक कोसांवर.
दिवसा ऊन तिथल्या विरळ हवेला सोलतं
आणि विजेची सालं तरंगत राहतात.
त्याला भरती आहे, त्याला भांग आहे,
चंद्र त्यालाही ओढतो, किंचित.
सूर्यानं परवा भिरकावलेलं काहीतरी
आज येऊन आदळलं,
आणि ते पाणी उचललं गेलं,
पेज उतू जाते तसं, झाकणासकट.
दक्षिणेकडून बुडबुडे चढत आले,
पोकळ, एकेक अख्ख्या तालुक्याएवढा,
आणि उपग्रहांचे बारीक आवाज
त्यांच्यातून खाली येताना
ठेचकाळू लागले.

हे मी वहीत असं लिहीत नाही.
वहीत वेळ, आकडा, सही.

पावणेदोनला धाकूभाऊजींचा फोन, 'गौराई'वरून.
चौलच्या कडूजवळ, कुठेतरी.
कुठेतरी, हाच तर प्रश्न होता.
"वैनी, ह्यो जीपीएस पिसाललाय.
कवा सांगतो खडकाव हाव, कवा सांगतो काईच नाय."
"यंत्र ठीक आहे, भाऊजी. आभाळ बिघडलंय."
नुसती खरखर. इंजिन.
"आभाल त निवल हाय, वैनी.
चांदन्या मोजून घे."

काय सांगणार होते मी?
लग्नाला बारा वर्षं झाली,
माझी नोकरी घरात कुणाला सांगता येत नाही.
सासूबाई शेजारणीला म्हणतात, ती सुया राखते.
जावेनं एकदा विचारलं, कुणाच्या?

"नांगर टाका," म्हटलं. "उजाडेपर्यंत हलू नका."
"नि मासली?"
"मासळी उद्या."
त्यांनी कुणाला तरी हाक मारली.
दोर घसरत गेल्याचा आवाज,
मग लोखंड पाण्यात पडल्याचा.
एवढ्या फाटक्या फोनमधून
तो तेवढा स्वच्छ आला.

पहाटेही रेघ खालीच.
तिला वर यायला दिवस लागतात,
माहेरी गेलेल्या बाईसारखी ती सावकाश येते
आणि आली तरी पूर्वीच्या जागी बसत नाही लगेच.
मी शेवटचा आकडा लिहिला, सही केली.
बंदराकडे 'गौराई' दिसत नव्हती,
दिसायची वेळही झाली नव्हती अजून.

गेटवर मोकलकाकांनी डबा पुढे केला.
पिन. किल्ल्या. घड्याळ, बरोबर चाललेलं.
"मिळालं ना सगळं?"
केस बांधायला घेतले,
पुन्हा मोजलं.
एक आकडा कमी होता.